भोंग्यावरच्या दोन गाद्या

आमच्या कुरोसे गावातल्या भोंग्याला गाद्या बांधल्या त्या मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको.

भोंगा मंदिराच्या फाटकाशीच आहे, लोखंडी खांबावर. कचरा उद्या उचलणार, डोंगरातून अस्वल खाली उतरलंय, पाणी तासभर बंद राहील, सगळं तोच सांगतो. एरवी माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वीची होओन्को, म्हणजे आमच्या पंथाच्या मूळ गुरूंची पुण्यतिथी, त्याने पार नासवली. प्रवचनकार सुरात शिरले होते. धुक्यात नाव निघून चाललीय आणि काठावरून आई मुलाला हाक मारतेय, ती हाक त्यांनी अशी लांबवली की आसपासची माणसं रुमाल शोधायला लागली. नेमका तेव्हाच भोंगा बोलला. तपकिरी टोपीतले ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ सकाळपासून घरी परतलेले नाहीत, कुणाला दिसल्यास कळवावं. ते गृहस्थ माझ्या डाव्या हाताला बसून रडत होते. टोपी मांडीवर होती. सगळं मंदिर हसलं, प्रवचनकारही हसले. मी नाही हसलो.

ज्याला हे वेड नाही त्याला सांगून समजायचं नाही. सुरातलं प्रवचन साध्या बोलण्याने सुरू होतं. बोलता बोलता आवाज गाण्यावर कधी चढतो ते उमगत नाही, होडीचा तळ वाळू कधी सोडतो ते उमगत नाही तसंच. आणि मग खाली बसलेले आम्ही आपोआप अमिदा बुद्धांचं नाव घ्यायला लागतो, नामान्दाबु, नामान्दाबु. कुणी सांगावं लागत नाही. असं प्रवचन करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांतले गेन्शो-सेन्सेई मागल्या वर्षी आमच्याकडे यायचे होते. त्यांना मी शेवटचं ऐकलं त्याला अकरा वर्षं झाली होती.

म्हणून त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी शिडी लावली आणि मंदिरातल्या बसायच्या दोन जाड गाद्या भोंग्याच्या तोंडावर ठेवून वरून काथ्याने करकचून आवळल्या. शिडी खालून आमच्या आजीने धरली होती.

आजी म्हणजे माझी बायको, इसोए. नात झाल्यापासून आम्ही एकमेकांना आजी-आजोबाच म्हणतो.

"आजोबा, हे चांगलं नाही हं," ती म्हणाली.

मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे, प्रवचन संपलं की सोडतो. मंदिराचं स्वयंपाकघर त्या दिवशी तिच्या ताब्यात असतं आणि ऐंशी माणसांचा लाल घेवडा शिजायचा होता.

दिवस फार सुरेख होता. दोन दिवस गावाला झोडपून काढणारं वादळ आदल्या सकाळी उत्तरेकडे निघून गेलं होतं आणि आकाश असं धुऊन निघालं होतं की तातेयामाचे पांढरे डोंगर कुणी रात्रीत अंगणात आणून ठेवावेत तसे दिसत होते. वारा नव्हता. समुद्र पाटीसारखा सपाट. जो तो भेटल्यावर हेच बोलत होता, की अमिदांनीच आजच्यासाठी आभाळ मोकळं केलं.

आमच्या मंदिरातली अमिदांची मूर्ती समुद्रातून आलेली आहे. दोनशे नव्वद वर्षांपूर्वी ती समोरच्या वाळूवर लागली. त्यामुळे होओन्कोच्या दिवशी प्रवचन आटोपलं की सगळं गाव मंदिरातून निघून समोरच्या समुद्रदारातून किनाऱ्यावर उतरतं, मूर्ती लागली त्या जागी पाण्याकडे तोंड करून बसतं आणि एक स्तोत्र म्हणतं. सगळ्यांत पुढे गावातली सहा वर्षांची मुलगी असते, हातात पांढरी शेवंती. त्या वर्षी ती आमची नात चिहो होती. महिनाभर आधीपासून ती घरात मुळ्याची पानं छातीशी धरून हळूहळू चालण्याचा सराव करत होती.

समुद्रदार म्हणजे लाटांसाठी बांधलेल्या भिंतीतली मोकळी जागा. भिंत आमच्या बाजूने खांद्याएवढी आहे, पलीकडे वाळू बरीच खाली. दाराच्या दोन्ही अंगांना खाचा आहेत, त्यांत एकावर एक पाच फळ्या सोडल्या की दार बंद. पण होओन्कोच्या दिवशी ते बंद करत नाहीत. ज्या वाटेने अमिदा आले ती वाट त्यांच्याच दिवशी कशी अडवायची? हा विचार गावात इतका जुना की त्या दिवशी फळ्यांकडे कुणी बघतसुद्धा नाही. उलट, वाढायला टेबल कमी पडतं म्हणून त्यांतली एक फळी गावप्रमुख शिमाओ-सान दर वर्षी स्वयंपाकघरात पाठवतात. दोन पिंपांवर आडवी टाकली की झकास वाढप होतं.

प्रवचन एक वाजता सुरू झालं.

गेन्शो-सेन्सेई म्हातारे झाले होते. आसनावर चढताना गोइन-सानांनी, म्हणजे आमच्या मंदिराच्या पुजाऱ्यांनी, त्यांना हात दिला. पण तोंड उघडलं आणि आवाज तोच. त्या दिवशीचा विषय हाकेचा होता. आपण अमिदांना हाक मारतो असं आपल्याला वाटतं, ते म्हणाले, पण खरं तर हाक आधी पलीकडून आलेली असते, आपण नाव घेतो ते नुसतं ओ देणं. मग त्यांनी नावाडी म्हातारीची गोष्ट घेतली. धुकं पडलं की ती काठावर उभी राहून पाण्यावर असलेल्या एकेकाला नावाने हाकारायची. पहिलं नाव त्यांनी साधं उच्चारलं. दुसऱ्याला किंचित सूर लागला. तिसऱ्याला माझ्या अंगावर काटा आला आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, नामान्दाबु.

तेवढ्यात माझी बाही कुणीतरी ओढली. आजी होती. ॲप्रन तसाच, हाताला घेवड्याचा लाल रंग. सुरातल्या भागात जागचं उठू नये, मधून चालू नये, हे आमच्याकडे पाळतात. ती सगळ्यांमधून वाकून माझ्यापर्यंत आली होती.

"आजोबा, बाहेर या. मी चौदा मोजले."

मला काही समजलं नाही. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

तेव्हा तिने कानाशी तोंड आणून सांगितलं. सालं टाकायला ती मागच्या दाराने बाहेर गेली होती. भोंगा गाद्यांच्या आत घुमत होता, पांघरुणाखाली कुणीतरी बडबडतंय तसा. खांबाला कान लावला तेव्हा तुटक शब्द आले, लाटा, किनारा, जाऊ नका. मग ती भिंतीशी गेली आणि लाटा मोजल्या.

तिचं माहेर खाडीच्या टोकाला, नाकादाचं. तिचा बाप जाळ्यांवर होता. त्याने मुलांना शिकवलं होतं की एक लाट फुटली की अमिदांचं नाव घ्यायला लागायचं आणि दुसरी फुटली की थांबायचं. एरवी पाच-सहा वेळा होतं. बारा झाले की बोटीची आशा सोडायची आणि वर पळायचं. कारण ती लाट इथली नसते. वादळ उत्तरेत मरतं, पण त्याने हलवलेलं पाणी चालत राहतं आणि दुसऱ्या दिवशी, आकाश निळं असताना, आमच्या खाडीत पोचतं. आमच्याकडे तिला फिरस्ती म्हणतात. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती शेवटची आली त्याला सतरा वर्षं झाली होती आणि नंतर भिंत उंच केली होती. आजीचा थोरला भाऊ अशाच एका निळ्या दुपारी बोट वर ओढायला गेला होता, नवे बूट घालून. बोट सापडली.

हे सगळं मला माहीत होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात भावाचं ते तिने मला दोनदा सांगितलंय. तरीही मी काय म्हणालो? म्हणालो, एवढं होऊ दे, मग येतो.

ती सरळ उभी राहिली, वाकली नाही, आणि त्या भरल्या सभेतून ताठ चालत गेली. सेन्सेईंनी चौथं नाव घेतलं. फार गोड घेतलं. पण माझा जीव त्यात राहिला नव्हता. स्वयंपाकघरातून वाडगे उतरवल्याचा आवाज आला, मग एकदम चार-पाच खाली पडल्याचा, मग काहीतरी जड फरफटत नेल्याचा. ती फळी होती. समुद्रदाराची फळी एकट्या बाईमाणसाच्याने उचलवत नाही. दोन माणसं लागतात.

पाचवं नाव येत होतं तेव्हा मी उठलो. अकरा वर्षं वाट पाहिलेलं प्रवचन, त्यात सूर सर्वांत वर चढलेला, आणि मी पाठ फिरवून चाललोय. तपकिरी टोपीवाल्यांनी माझ्या पायावर हलकी चापट मारली, खाली बसा म्हणून. मी नाही बसलो.

बाहेर ऊन होतं. आजीने फळी अर्ध्या रस्त्यापर्यंत ओढत आणली होती आणि धापा टाकत तिच्यावर बसली होती. मला पाहून ती उठून एका टोकाला गेली. मी दुसरं टोक धरलं. कडेच्या चार फळ्या आधी खाचांत सोडल्या, वरून ही पाचवी. प्रत्येक वेळी खांद्यातून कळ येत होती. मधे एकदा मी भिंतीवरून पाहिलं. समुद्र तसाच, सपाट, चकाकणारा. एक लाट आली, आळसावल्यासारखी फुटली. मी नाव घ्यायला लागलो. दहा झाले, अकरा झाले. तेराव्याला दुसरी फुटली.

"आता पटलं का, आजोबा?"

"पटलं," मी म्हणालो.

तिने ॲप्रनला हात पुसले आणि फळ्यांना पाठ टेकून जमिनीवर बसली. तेव्हाच मंदिरातली घंटा वाजली. प्रवचन संपलं होतं.

ते सगळे बाहेर आले. पुढे चिहो, पांढरी शेवंती छातीशी धरून, शिकवल्याप्रमाणे एकेक पाऊल मोजत. मागे गोइन-सान, सेन्सेई, शिमाओ-सान, मग गाव. चिहो दारासमोर आली आणि थांबली. वाट नव्हती. वाटेत तिची आजी पाय पसरून बसली होती.

शिमाओ-सानांनी मलाच विचारलं, "कानेओ-सान, हा काय प्रकार?"

"त्यांना काय विचारता? दार मी लावलंय," आजी म्हणाली.

शिमाओ-सान माणूस वाईट नाही. बर्फ पडलं की म्हाताऱ्यांच्या दारातलं ते आधी काढतात, मग स्वतःच्या. पण सगळ्या गावासमोर कुणी आडवं आलं की त्यांचे कान लाल होतात. ते झाले. आजच्या दिवशी हे दार लावत नाहीत, असं ते म्हणाले. मला ठाऊक आहे, असं ती म्हणाली. मग उघडा, असं ते म्हणाले. ती म्हणाली, नाही. फिरस्ती येतेय, तेव्हा सगळ्यांनी मागे वळावं आणि देवळामागच्या पायऱ्या चढून दफनभूमीत जावं, स्तोत्र तिथून म्हणावं.

लोकांनी वर पाहिलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. एक-दोघं हसली. कुणी म्हणालं, स्वयंपाकघराच्या वाफेने डोकं फिरलंय. कुणी विचारलं, वाढपाची फळी नेलीत, आता जेवायचं कशावर?

शिमाओ-सानांना हसण्याने जोर चढला. "नाकादाला असेल तुमच्याकडे अशी पद्धत. आमच्या गावात अमिदांच्या तोंडावर दार लावत नाहीत."

"चव्वेचाळीस वर्षं तुम्हाला घेवडा शिजवून घालतेय," आजी म्हणाली. "अजून मी नाकादाचीच का?"

हसणं थांबलं.

मग गोइन-सान पुढे झाले. ते तरुण आहेत, वडील गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच होओन्को. त्यांनी फार मऊ आवाजात सांगितलं की दोनशे नव्वद वर्षांत ही वाट या दिवशी कधी अडलेली नाही, ती आपल्या हातून अडावी असं त्यांना वाटत नाही.

"भिंतच मुळी माझ्या लग्नानंतर बांधली, गोइन-सान," ती म्हणाली. "आणि अमिदांचं म्हणाल तर ते पाण्यातून आले. त्यांना पोहता येत होतं. चिहोला येत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं की शेवटी सगळं अमिदांवर सोपवायचं असतं, एवढी भीती धरू नये. त्याला तिने वळूनही पाहिलं नाही. मेल्यानंतरचं त्यांच्यावर सोपवलंय, एवढंच म्हणाली, जिवंत आहोत तोवर पाय आपले आपणच उचलायचे.

चिहो रडवेली झाली होती. महिनाभर घोकलेली चाल अर्ध्यावर राहिली होती. ती म्हणाली, "आजी, ऊठ ना. सगळे बघतायत."

तेवढं मात्र आजीला लागलं. तिने मान खाली घातली. पण जागची हलली नाही.

तेव्हा मी बोललो. आयुष्यात गावासमोर बोललो नव्हतो. म्हणालो, इशारा आलेला आहे, भोंग्याने दिलाय, तुम्हाला ऐकू आला नाही कारण मी त्याला गाद्या बांधल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. प्रवचनाला येताना प्रत्येक जण त्या खांबाखालून आला होता, पण वर कुणी पाहिलं नव्हतं. दोन जाड गाद्या, काथ्याने आवळलेल्या. मी शिडी लावली, वर चढलो आणि विळ्याने काथ्या कापला. गाद्या खाली पडल्या. मी म्हणालो, आता ऐका.

भोंगा काही बोलला नाही.

आम्ही वाट पाहिली. सगळं गाव मान वर करून उभं. भोंगा ऊन खात होता. मग पुन्हा कुणीतरी हसलं आणि शिमाओ-सान म्हणाले की असे इशारे हिवाळ्यात दहा येतात, त्यातला एकही कधी खरा झाला नाही. ते पुढे होऊन फळीला हात घालायला वाकले.

आजीने दोन्ही हात पसरून खाचा धरल्या. "आज दार बंद. ज्याला जायचंय त्याने माझ्या अंगावरून जावं."

शिमाओ-सान थबकले. बाईच्या अंगावरून जायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आणि मागे फिरायचंही नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो? ते बाजूला झाले, भिंतीवर हात टेकले आणि वर चढले. साठी उलटलेला माणूस, समारंभाचा काळा पोशाख घातलेला, भिंतीवर उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, बघा, कुठे आहे तुमची लाट?

"तिथेच उभे राहा," आजी म्हणाली, "आणि फुटलेली दिसली की सांगा." मग ती लोकांकडे वळली. "आणि तुम्ही नाव घ्या. एरवी दिवसभर घेता ना? शिमाओ-सान सांगतील तिथे सुरू करा, सांगतील तिथे थांबा. सहाच्या आत थांबलात तर दार मी माझ्या हाताने उघडते. पुढच्या वर्षीपासून स्वयंपाकघरातही यायची नाही."

तोच सेन्सेईंनी हात जोडले. त्यांचं गाव डोंगरातलं, समुद्र त्यांना ठाऊक नाही, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण नाव घ्यायला सांगितलं तर ते कसे थांबणार?

"फुटली," शिमाओ-सान वरून म्हणाले.

नामान्दाबु, सेन्सेईंनी सुरू केलं. नामान्दाबु, सगळ्यांनी उचललं. एक, दोन, तीन. मी बोटांवर धरत होतो. सहा झाले. सातव्याला सूर जरा डळमळला. नऊ झाले, दहा झाले. म्हाताऱ्या बायकांचे आवाज बारीक होत गेले, कारण त्यांच्याही बापांनी त्यांना काहीतरी शिकवलेलं असणार. तेरा. चौदा. शिमाओ-सान काही बोलत नव्हते. पंधराव्यालाही बोलले नाहीत. आम्ही नाव घेतच राहिलो, कारण थांबा म्हणणारा थांबा म्हणेना.

"शिमाओ-सान, काय दिसतं?" आजीने विचारलं.

"पाणी नाही," ते म्हणाले. "पाणी मागे गेलंय. मूर्तीच्या जागेच्या पलीकडचे खडक दिसतायत."

त्याच वेळी आवाज आला. किनाऱ्यावरचे गोटे मागे ओढले जातानाचा, टोपलीभर अक्रोड कुणी हलवावेत तसा. तो आवाज आला आणि गावाला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी चिहोला उचललं. तपकिरी टोपीवाल्यांना दोघांनी खांद्याला धरलं. गोइन-सानांनी सेन्सेईंना पाठीवर घेतलं, झगा गुडघ्यापर्यंत खोचून, आणि ते सगळ्यांच्या आधी पायऱ्यांशी पोचले. मी मागे पाहिलं तर आजी उठली होती, पण भिंतीशीच उभी राहून शिमाओ-सानांचा काळा कोट खालून ओढत होती. त्यांचे पाय थिजले होते.

"उतरा हो," ती म्हणत होती. "भांडण वर जाऊन करू."

ते तिच्या अंगावरच पडले. दोघं उठून धावली. आम्ही तिसाव्या पायरीवर असू तेव्हा ती आली. उंच नव्हती. उंच असती तर निदान लांबून दिसली असती. ती रुंद होती, सगळी खाडीच जागची उचलून पुढे सरकल्यासारखी. भिंतीवर आदळली आणि पाणी सरळ आभाळात गेलं, मंदिराच्या कौलांइतकं, आणि उन्हात चमकत खाली आलं. भिंतीवरून लोंढा गल्लीत उतरला, मंदिराच्या फाटकातून आत गेला, वाढपाचे वाडगे बाहेर घेऊन आला. मग दुसरी आली. मग तिसरी, ती सगळ्यांत मोठी. मूर्ती लागली होती ती जागा, जिथे आम्ही त्या वेळी डोळे मिटून बसलो असतो, पाण्याखाली दिसेनाशी झाली.

फळ्या टिकल्या. वरची सगळ्यांत जास्त मार खात होती, आणि वरून पाहताना तिच्यावरचा घेवड्याचा लाल डाग मला स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यात भोंगा बोलला. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या खांबावरून त्याने शांतपणे सांगितलं, मोठ्या लाटांचा इशारा आहे, किनाऱ्यावर जाऊ नये, भिंतीपासून दूर राहावं, उंच जागी जावं. आम्ही सगळे उंच जागी, आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांना धरून उभे होतो. कुणी हसलं नाही. आजी मात्र म्हणाली, "बोल बाबा, बोल. तुझं तोंड आम्हीच बांधलं होतं."

चिहोच्या हातातली शेवंती अजून शाबूत होती. तिने विचारलं, आता फुलं कुठे ठेवायची? गोइन-सान पाण्याकडे बघत होते. त्यांनी सांगितलं, इथेच ठेव, इथून समुद्र दिसतो. आणि त्यांनी स्तोत्र सुरू केलं. ओल्या कपड्यांनी, कुडकुडत, वेगवेगळ्या सुरांत आम्ही ते म्हटलं. मी इतकं बेसूर स्तोत्र कधी ऐकलं नाही, आणि त्याहून चांगलंही नाही.

मंदिरात हातभर चिखल निघाला. गल्लीतल्या सात घरांत पाणी शिरलं. माणूस एकही गेला नाही. शिमाओ-सानांनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सुकवलेल्या पर्सिमन फळांची माळ आणून ठेवली आणि निघून गेले. आजही ते म्हणतात की त्यांनी भिंतीवर चढून पाहिलं म्हणून सगळ्यांना वेळेवर समजलं. आजी ते खोडत नाही. एकदाच म्हणाली होती, खरंच आहे, फक्त उतरायचं कसं ते त्यांना आठवत नव्हतं.

यंदा होओन्कोला समुद्रदाराच्या पाचही फळ्या सकाळीच लावल्या. वाढपाला टेबल कमी पडलं, तर शिमाओ-सानांनी स्वतःच्या घराचं सरकतं दार काढून आणलं. मिरवणूक दफनभूमीत गेली. वर्षभराने जुन्या झालेल्या चिहोने नव्या मुलीला पायऱ्या कशा चढायच्या ते फार कडक आवाजात शिकवलं. गेन्शो-सेन्सेईंना आम्ही पुन्हा बोलावलं होतं. राहिलेलं सांगायला आलोय, असं ते म्हणाले आणि नावाडी म्हातारी पुन्हा काठावर उभी राहिली. मी त्या दोन गाद्यांपैकी एकीवर बसलो होतो. ती धुतली, वाळवली, तरी हवा दमट झाली की ओलसर लागते.

पाचव्या नावाला, जे मी मागल्या वर्षी सोडून गेलो होतो, त्यांचा सूर वर चढला. आणि भोंगा बोलला.

सेन्सेई थांबले. हात तसाच हवेत. पण मंदिरात कुणी हसलं नाही, कुणी चुकचुकलं नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज उमटला, नामान्दाबु, आणि मग सगळ्यांनी, भोंग्याकडे तोंड करून, ओ दिल्यासारखं ते नाव घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात आजी पळी हातात धरून उभी होती. तीही घेत होती.

उद्या कचरा सकाळी आठच्या आत बाहेर ठेवावा, असं तो सांगत होता. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं.